जुन्या संगणकातील एसएसडी व तिचे फर्मवेअर
(शिक्षकांसाठी अभ्यासलेख, सोबत इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठ-टिपण)



आपल्या पुष्कळ शाळांत दहा-बारा वर्षांपूर्वी आलेले टेबलावरील संगणक अद्याप कामात आहेत. त्यांची मंदगती घालविण्यासाठी अनेक ठिकाणी मूळची फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, बसविण्यात आली आहे. हा बदल थोड्या खर्चाचा असून त्याचा लाभ त्याच दिवशी दिसतो. तथापि, एसएसडी बसविल्यावर तिच्याकडे पुन्हा पाहावयाचे नसते, असा एक समज रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. एसएसडीच्या पोटात निर्मात्याने लिहून ठेवलेला एक आज्ञासंच असतो. त्यास फर्मवेअर म्हणतात. त्यात कधी कधी चूक राहून जाते, ती पुढे ध्यानात येते, आणि निर्माता दुरुस्त केलेला नवा संच उपलब्ध करून देतो. तो केव्हा घ्यावा, केव्हा घेऊ नये, आणि घ्यावयाचा झाल्यास कोणत्या क्रमाने घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हे काम दहा मिनिटांचे आहे. परंतु ज्या ड्राइव्हवर ते करावयाचे, तिच्यावर विद्यार्थ्यांच्या नोंदी, शिष्यवृत्तीच्या याद्या, पोषण आहाराचे हिशेब आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे मसुदे असतात. म्हणून यंत्रापेक्षा त्यातील कागदपत्रांची काळजी अगोदर घ्यावयाची, हे या लेखाचे मुख्य सूत्र आहे.

१. एसएसडीची रचना

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप असलेल्या तबकड्या फिरत असतात व एक बारीक हात त्यांवरून वाचन-लेखन करतो. एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. तिच्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात: फ्लॅश स्मृतीच्या चिप आणि त्यांवर देखरेख करणारी नियंत्रक चिप. फ्लॅश स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे अभियंते फुजिओ मासुओका यांनी लावला. आजच्या एसएसडीत वापरला जाणारा नँड हा तिचा प्रकार १९८७ साली जाहीर झाला. वीज बंद झाली तरी या स्मृतीतील मजकूर टिकून राहतो. प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात विद्युत्भार साठविलेला असतो व त्या भाराच्या कमीअधिक प्रमाणावरून मजकूर वाचला जातो.

या स्मृतीचा एक विलक्षण स्वभाव आहे. तीवर लिहिताना एकेक पान लिहिता येते. परंतु लिहिलेले पान तेवढेच पुसता येत नाही. पुसावयाचे झाल्यास शेकडो पानांचा एक संपूर्ण खंड एकदम पुसावा लागतो. आपल्या पाटीवर दहा ओळी लिहिल्या आहेत, त्यांपैकी चौथी बदलावयाची आहे, पण पाटी पुसावयाची ती सबंधच पुसावयाची, असा नियम केला तर आपण काय करू? सुधारलेली ओळ दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहू, आणि चौथी ओळ आता कोठे आहे याची नोंद निराळ्या कागदावर ठेवू. पुढे सवडीने पहिल्या पाटीवरील उरलेल्या नऊ ओळी अन्यत्र उतरवून ती पाटी मोकळी करू. एसएसडीमधील नियंत्रक अहोरात्र हेच करीत असतो. शिवाय प्रत्येक खंड ठरावीक वेळाच पुसता येत असल्यामुळे, एकाच खंडाची झीज होऊ नये म्हणून तो काम सर्व खंडांत वाटून देतो. आणि वाचनात आलेल्या लहानसहान चुका गणिताच्या साह्याने सुधारतो.

२. फर्मवेअर म्हणजे काय?

हे सर्व करण्याची रीत नियंत्रकास ज्या आज्ञासंचाने सांगितलेली असते, तेच फर्मवेअर होय. हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील एका लेखात प्रथम वापरला. हार्डवेअर म्हणजे हाताला लागणारे यंत्र व सॉफ्टवेअर म्हणजे सहज बदलता येणारे आज्ञालेख. या दोहोंच्या मधले ते फर्मवेअर. ते बदलता येते, परंतु नित्य बदलण्यासाठी नसते.

कार्यालयातील जुन्या दप्तरखान्याची कल्पना करावी. कपाटे म्हणजे फ्लॅश चिप, दप्तरी म्हणजे नियंत्रक, आणि कोणते दप्तर कोठे ठेवावे व कसे काढून द्यावे याविषयी दप्तऱ्यास दिलेली नियमावली म्हणजे फर्मवेअर. नियमावलीत चूक असेल तर कागद कपाटात सुखरूप असूनही मागितल्यावर सापडत नाहीत. तद्वतच फर्मवेअर चुकले म्हणजे चिप शाबूत असताही ड्राइव्ह मुकी होते. आणि नियमावली बदलताना दप्तरखान्याचे सर्व व्यवहार क्षणभर थांबलेले असतात. त्या क्षणी व्यत्यय आला तर दप्तऱ्यापाशी जुनी नियमावलीही नाही व नवीही नाही, अशी अवस्था होऊ शकते. फर्मवेअर बदलण्याचे महत्त्व व त्यातील धोका ही दोन्ही या दृष्टान्तावरून स्पष्ट व्हावीत.

३. घडलेली चार उदाहरणे

फर्मवेअरमधील चुका काल्पनिक नाहीत. पुढील चार उदाहरणे सर्वज्ञात असून प्रत्येकापासून घेण्याजोगा बोध निराळा आहे.

(अ) क्रूशल एम४, २०११-१२. मायक्रॉन कंपनीने क्रूशल या नावाने विकलेली ही एसएसडी टेबलावरील संगणकांत पुष्कळ ठिकाणी बसविली गेली. ड्राइव्ह एकूण ५,१८४ तास चालू राहिली की ती एकाएकी प्रतिसाद देईनाशी होई. संगणक पूर्ण बंद करून चालू केला म्हणजे ती पुन्हा जागी होई, पण त्यानंतर दर तासाने तोच प्रकार घडे. स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवणाऱ्या एका गणकाची हाताळणी चुकली होती. जानेवारी २०१२ मध्ये निर्मात्याने ०३०९ क्रमांकाचे फर्मवेअर देऊन ही चूक दूर केली. ५,१८४ तास म्हणजे अखंड २१६ दिवस. परंतु जो संगणक दिवसाला सहा तास व वर्षातून २२० दिवस चालतो, त्यास एवढे तास भरण्यास जवळजवळ चार वर्षे लागतात. म्हणजे अशी चूक शाळेच्या संगणकात फार उशिरा, खरेदीची आठवणही पुसट झाल्यावर, प्रकट होईल.

(आ) इंटेल ३२०, २०११. या मालिकेतील काही ड्राइव्ह अकस्मात वीज गेल्यानंतर पुन्हा चालू केल्या असता आपली क्षमता केवळ ८ मेगाबाइट असल्याचे सांगू लागल्या. आतील मजकूर दिसेनासा झाला. ऑगस्ट २०११ मध्ये दुरुस्तीचे फर्मवेअर निघाले. मात्र ज्यांची ड्राइव्ह आधीच बिघडली होती, त्यांना नव्या फर्मवेअरने मजकूर परत मिळाला नाही. दुरुस्ती ही पुढची हानी टाळण्यासाठी असते, झालेली हानी भरून काढण्यासाठी नव्हे.

(इ) सॅमसंग ८४० इव्हो, २०१४-१५. या ड्राइव्हवर बरेच दिवस न हललेला मजकूर वाचताना वेग फार कमी होत असे. नवा लिहिलेला मजकूर मात्र झपाट्याने वाचला जाई. कप्प्यांतील विद्युत्भार काळाने किंचित सरकतो, आणि त्याचा योग्य हिशेब फर्मवेअर धरीत नव्हते. ऑक्टोबर २०१४ मध्ये दुरुस्ती आली. पण काही महिन्यांनी मंदपणा परत दिसू लागला. मग एप्रिल २०१५ मध्ये दुसरी दुरुस्ती आली व तीत जुना मजकूर अधूनमधून नव्याने लिहून काढण्याची योजना केली गेली. सबब, पहिली दुरुस्ती हीच अखेरची असे मानू नये.

(ई) ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइज, २०१९. या कंपनीने मोठ्या सेवा-संगणकांसाठी दिलेल्या काही एसएसडी ३२,७६८ तास भरताच बंद पडतील व त्यानंतर ड्राइव्ह किंवा तीवरील मजकूर परत मिळणार नाही, असा इशारा तिने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला आणि वेळेपूर्वी फर्मवेअर बदलण्यास सांगितले. हा अवधी म्हणजे तीन वर्षे, दोनशे सत्तर दिवस व आठ तास. या ड्राइव्ह शाळेत येत नाहीत. उदाहरण दिले ते गणितासाठी. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. ऋण-धन चिन्हासह सोळा बिटांचा खण मोजणीस दिला तर त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ असते. पुढचा एक तास त्या खणात मावत नाही. एकत्र बसविलेल्या सर्व ड्राइव्हचे तास एकाच वेळी भरत असल्याने, एकीची प्रत दुसरीवर ठेवली असली तरी दोन्ही बरोबरच जाण्याचा संभव होता, हेही ध्यानात घ्यावे.

४. फर्मवेअर केव्हा बदलावे?

वरील उदाहरणे वाचून, प्रत्येक ड्राइव्हचे फर्मवेअर आजच बदलून टाकावे असे कोणास वाटेल. तसे करू नये. निर्माता प्रत्येक नव्या संचाबरोबर एक टिपण देतो व कोणता दोष दूर केला ते त्यात सांगतो. तो दोष आपल्या ड्राइव्हला लागू असेल, आणि त्यामुळे मजकूर नष्ट होण्याचा, ड्राइव्ह मुकी होण्याचा किंवा काम अडण्याचा संभव असेल, तर फर्मवेअर अवश्य बदलावे. टिपणात आपल्याशी संबंध नसलेल्या सुधारणा असतील आणि आपला संगणक सुरळीत चालत असेल, तर ते तसेच राहू द्यावे. एकदा नवे फर्मवेअर घातले की बहुधा जुन्याकडे परत जाता येत नाही.

पुष्कळ स्वस्त ड्राइव्हच्या निर्मात्यांकडून फर्मवेअर मिळतच नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचा किंवा ‘असाच दिसणारा’ संच घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्या ड्राइव्हची नियमित प्रत ठेवणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो पुरेसा आहे.

५. पूर्वतयारी

(१) ओळख पटविणे. ड्राइव्हचे नाव, नमुना क्रमांक, सध्याच्या फर्मवेअरचा क्रमांक व ती एकूण किती तास चालली आहे, या चार गोष्टी प्रथम वहीत उतरवाव्यात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य साधन या चारही गोष्टी एकाच पानावर दाखविते. निर्मात्याच्या स्वतःच्या साधनातही, उदाहरणार्थ सॅमसंग मॅजिशियन किंवा किंग्स्टन एसएसडी मॅनेजर यांत, त्या दिसतात. नमुना क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. ड्राइव्ह संगणकाबरोबरच आलेली असेल तर तिचे फर्मवेअर संगणकाच्या कंपनीकडून घ्यावे लागते. ड्राइव्ह बनविणाऱ्या कंपनीचा सर्वसाधारण संच तिला चालेलच असे नाही.

(२) प्रत घेणे. शाळेच्या सर्व कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर व दुसरी अन्य संगणकावर घ्यावी. प्रत घेतली एवढ्यावर थांबू नये. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून चार-सहा कागद उघडून पाहावेत. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. फर्मवेअर बदलताना मजकूर बहुधा आहे तसाच राहतो. तथापि काही जुन्या ड्राइव्हच्या बाबतीत तो पूर्णपणे पुसला जात असे. म्हणून सूचनापत्रात या मुद्द्याचा शोध घ्यावा.

(३) विजेची निश्चिती. टेबलावरील संगणकाला लॅपटॉपप्रमाणे स्वतःची बॅटरी नसते. म्हणून यूपीएस आवश्यक आहे, आणि त्याची परीक्षा अगोदर घ्यावी. संगणकाऐवजी एक टेबलदिवा त्यास जोडावा, भिंतीवरचे बटण बंद करावे आणि दिवा निदान दहा मिनिटे जळतो की नाही ते पाहावे. गावात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा जो वार असेल, तो टाळावा. वळवाच्या पावसाची दुपारही टाळावी.

या ठिकाणी प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव नमूद करणे अनुचित होणार नाही. एका दोनशिक्षकी शाळेत जुन्या संगणकाचे फर्मवेअर बदलण्यासाठी आम्ही बसलो होतो. संच उतरवून घेतला होता, यूपीएसचा हिरवा दिवा लागलेला होता, आणि घाई झाली होती, कारण परतीची एसटी साडेचारची होती. मी बटण दाबणार इतक्यात मुख्याध्यापक म्हणाले, “गुरुजी, प्रत घेतली का? तेवढे आधी करू. एसटी चुकली तर मी मोटारसायकलने सोडतो.” थोड्या अनिच्छेनेच मी प्रत घेण्यास सुरुवात केली. काम अर्धे झाले असता वीज गेली, आणि यूपीएसने एक लांब शिटी देऊन त्याच क्षणी मान टाकली. त्याची बॅटरी केव्हाच निकामी झालेली होती. हिरवा दिवा तेवढा उरला होता. अर्धवट राहिलेली प्रत दुसऱ्या दिवशी नव्याने घेता आली. त्या क्षणी फर्मवेअर लिहिले जात असते तर त्या शाळेचा अकरा वर्षांचा लेखी व्यवहार कोठे गेला असता, हे सांगावयास नको. तेव्हापासून दिव्याचा रंग पाहून यूपीएसवर विश्वास ठेवण्याचे मी सोडून दिले आहे.

(४) जुन्या संगणकाच्या खास बाबी. पहिली बाब जोडणीची. ड्राइव्ह मदरबोर्डवरील मुख्य साटा खोबणीतच जोडलेली असावी. यूएसबी पेटीतून किंवा जादा बसविलेल्या कार्डावरून जोडलेली ड्राइव्ह फर्मवेअरच्या साधनांना पुष्कळदा दिसत नाही. दुसरी बाब पद्धतीची. बायोसमध्ये साटाची पद्धत आयडीई किंवा एएचसीआय अशी नोंदलेली असते. बहुतेक साधनांना एएचसीआय लागते. क्वचित एखाद्या जुन्या संचाच्या सूचनेत तात्पुरती आयडीई ठेवण्यास सांगितलेले असते. सूचनापत्र प्रमाण मानावे. परंतु बदल करण्यापूर्वी मूळ नोंद वहीत लिहून ठेवावी आणि काम संपताच ती पूर्ववत करावी. विंडोज ७ सारखी जुनी प्रणाली ज्या पद्धतीत बसविली असेल, ती बदलल्यास निळा पडदा दाखवून थांबते. तिसरी बाब बॅटरीची. मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते व तिजवर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. दहा वर्षांच्या संगणकात ती बहुधा संपलेली असते. मग मुख्य वीज तोडली की बायोसच्या नोंदी आपोआप मूळ स्थितीत जातात, साटाची पद्धत बदलते, संगणक सुरू होत नाही, आणि दोष नव्या फर्मवेअरवर येतो. संगणकाचे घड्याळ रोज मागे पडत असेल तर ही बॅटरी संपली असे समजावे व प्रथम ती बदलून घ्यावी.

६. प्रत्यक्ष कृती

(१) फर्मवेअरचा संच निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. अन्य ठिकाणचा घेऊ नये.

(२) सूचनापत्र आरंभापासून शेवटपर्यंत एकदा वाचावे. दोन शिक्षक असतील तर एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने ऐकावे.

(३) सर्व उघडे कार्यक्रम बंद करावेत. संगणक आपोआप झोपी जाण्याची सोय त्या दिवसापुरती काढून टाकावी. एकाहून अधिक ड्राइव्ह असतील तर इतरांच्या तारा, संगणक पूर्ण बंद करून, सोडवून ठेवाव्यात. चुकीच्या ड्राइव्हवर काम होण्याचा प्रश्नच उरत नाही.

(४) निर्मात्याचे साधन विंडोजमध्ये चालत असेल तर त्यातील फर्मवेअर अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी. जुन्या प्रणालीवर ते चालत नसेल, तर निर्मात्याने दिलेली सुरुवातीची प्रतिमा पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर उतरवून संगणक तीवरून सुरू करावा. संगणक चालू होताना एफ१२, एफ२ किंवा डिलीट यांपैकी कोणती कळ दाबावयाची ते पहिल्या पडद्यावर लिहिलेले असते.

(५) आज्ञा दिल्यानंतर संगणकाला हात लावू नये. या वेळी संच तुकड्यातुकड्यांनी ड्राइव्हकडे पाठविला जातो, नियंत्रक तो तपासून राखीव जागी लिहितो, आणि मग नव्या संचाने काम सुरू करतो. यास काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. पडदा स्तब्ध दिसला म्हणून बटण दाबून संगणक बंद करणे ही या कामातील सर्वांत घातक चूक आहे.

(६) काम पूर्ण झाल्याची सूचना आल्यावर संगणक पूर्णपणे बंद करावा. केवळ पुन्हा सुरू करणे पुष्कळ ड्राइव्हना पुरत नाही; वीज तोडून अर्धा मिनिट थांबावे व मग चालू करावा.

(७) फर्मवेअरचा क्रमांक पुन्हा पाहावा व वहीतील जुन्या क्रमांकाशी ताडून पाहावा. शाळेची चार-सहा कागदपत्रे उघडून पाहावीत. आठवडाभर काम सुरळीत चालल्यानंतरच बाहेरच्या डिस्कवरील प्रत अन्य कामास मोकळी करावी.

(८) जडसंग्रह नोंदवहीत संगणकापुढे तारीख, जुना व नवा क्रमांक, चालू तास व काम करणाऱ्याची सही अशी नोंद ठेवावी. शिक्षक बदलून जातात, नोंदवही राहते.

ड्राइव्ह पुन्हा दिसलीच नाही तर घाबरून पुनःपुन्हा प्रयत्न करू नये. प्रथम बायोसमधील साटाची पद्धत पाहावी, नंतर तारा काढून घट्ट बसवाव्यात, नंतर दुसऱ्या खोबणीत जोडून पाहावे. तरीही न दिसल्यास निर्मात्याकडे हमीखाली पाठवावी. प्रत हाती असल्यास हे नुकसान ड्राइव्हच्या किमतीएवढेच राहते.

७. वर्गात घ्यावयाचा पाठ (इयत्ता सहावी व सातवी, दोन तासिका)

उद्देश: साठवणीचे यंत्रही मोजते, नोंदी ठेवते व चुकू शकते, हे मुलांना कृतीतून समजावे.

साहित्य: पाच पाट्या, एक कोरा कागद, चौकटींचा तक्ता, फळा.

पहिली तासिका. चार पाट्या चार मुलांकडे द्याव्यात, प्रत्येकीवर चार ओळींची जागा आखावी. पाचवी पाटी कोरी ठेवावी. एका मुलास दप्तरी करावे. कोणती ओळ कोणत्या पाटीवर आहे याची यादी त्याने कागदावर ठेवावी. नियम एकच: पाटी पुसली तर सबंध पुसावयाची. आता वर्गाने एकेक ओळ बदलण्यास सांगावे. कोरी पाटी केव्हा भरते, जुनी केव्हा रिकामी करावी लागते, हे मुले आपणहून शोधून काढतात. मग दप्तऱ्याची यादी काढून घ्यावी व एक ओळ मागावी. ओळ पाटीवर आहे, पण कोणत्या पाटीवर हे सांगता येत नाही. या क्षणी फर्मवेअर व यादी यांचे महत्त्व सांगावे. अगोदर सांगू नये.

दुसरी तासिका. फळ्यावर चार चौकटी काढून ९९९९ लिहावे व एक मिळविण्यास सांगावे. उत्तर चौकटींत मावत नाही. मोटारसायकलच्या किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांचे उदाहरण द्यावे. नंतर एकापासून आरंभ करून पंधरा वेळा दुप्पट करावयास लावावे. ३२,७६८ ही संख्या मुलांनी स्वतः काढावी. तिला २४ ने भागून दिवस व तास काढावेत. वर दिलेले उदाहरण त्यानंतर सांगावे.

प्रश्न
१. फ्लॅश स्मृतीत एकच पान का पुसता येत नाही? मग बदल कसा करतात?
२. आपला संगणक रोज पाच तास, वर्षातून २०० दिवस चालतो. ५,१८४ तास भरण्यास किती वर्षे लागतील?
३. ५,१८४ चे वर्गमूळ काढा. २१६ हा कोणत्या संख्येचा घन आहे?
४. फर्मवेअर बदलताना वीज गेली तर काय होऊ शकते? ते टाळण्यासाठी कोणत्या दोन गोष्टी कराल?
५. ‘न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे’, या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
६. संगणक चांगला चालत असेल व नव्या फर्मवेअरचा आपल्याशी संबंध नसेल, तर काय करावे? का?

८. समारोप

जुने यंत्र चालते ठेवणे हे काटकसरीचे काम आहे, आणि आपल्या शाळांत ते करण्यास पुष्कळ वाव आहे. फर्मवेअर बदलण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही. क्रम, धीर व नोंद या तीन गोष्टी लागतात. प्रत्येक शाळेने या सत्रात निदान एवढे करावे: संगणकातील ड्राइव्हचे नाव, फर्मवेअरचा क्रमांक व चालू तास नोंदवहीत लिहावेत, आणि शाळेच्या कागदपत्रांची एक प्रत घेऊन ती उघडून पाहावी. यांपैकी दुसरे काम आजच करण्याजोगे आहे. फर्मवेअर बदलण्याची वेळ येईल तेव्हा येवो. प्रत मात्र त्यापूर्वी तयार असावी.